नऊ इंची भिंत

नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत, पहिल्या मजल्यावरचं घर. इंटिरिअर डिझायनर म्हणून काम माझ्याकडे आलं होतं. मुलाचं लग्न ठरल्यामुळे घरच्या काकूंना स्वयंपाकघराची मधली भिंत काढून ओपन किचन हवं होतं. लॅमिनेटचे नमुनेही पसंत झाले होते.

त्या भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजली. गिलाव्यासकट दहा इंच, म्हणजे नऊ इंची वीटकाम. खोल्यांच्या कोपऱ्यांत कॉलम नाही, छताला बीम नाही, स्लॅब थेट भिंतीवर टेकलेला. वरच्या घरात जाऊन पाहिलं, खालच्या दुकानातही डोकावले. सगळीकडे हीच भिंत, एकाच रेषेत. लोड-बेअरिंग, म्हणजे भिंतींवर भार घेणारं बांधकाम. कॉलमच्या इमारतीतली साडेचार इंची पार्टिशन काढणं वेगळं. इथे वरचे मजले भिंतीनेच पेललेत.

"स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावणार नाही," मी म्हटलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही रंग आणि पडदे बघा ना."

हेच मला लागतं. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरची पाटी मात्र कुणीही लावावी. आमच्या संस्थेची आचारसंहिता आहे, पण ती सभासदांपुरती. त्यामुळे 'नाही' म्हणणारी अडेल ठरते आणि 'काढून टाकू, काही होत नाही' म्हणणाऱ्याला काम मिळतं. तसंच झालं. दुसऱ्या कंत्राटदाराने सोमवारपासून तोडफोड धरल्याचं आमच्या मिस्त्रीकडून कळलं.

गिऱ्हाइकाच्या घरातली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हे मी कटाक्षाने पाळते. पण त्या भिंतीवर दुसऱ्यांचे संसार आहेत. काकूंना फोन करून सांगितलं की मी सोसायटीला कळवतेय, मग सेक्रेटरींना पत्र दिलं. त्यात फक्त भिंतीबद्दल लिहिलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. त्याचा अहवाल मागितला, तर सेक्रेटरींना तो सापडेना! निदान काम तरी त्यांनी थांबवलं.

"विश्वासाने घरात घेतलं होतं तुम्हाला," काकू म्हणाल्या. त्यांचा राग मला समजतो. पत्र मात्र मी पुन्हा लिहीन.

शनिवारी इंजिनिअर येणार आहेत. स्टीलचा बीम टाकून भिंतीत थोडी मोकळीक काढता येते असं त्यांनी लिहून दिलं, तर किचनचं ड्रॉइंग मी नव्याने करून देईन, असा निरोप काकूंना धाडलाय.