फोटो एडिटिंगला ग्राफिक्स कार्ड लागतंच का? माझा अनुभव

लग्नाच्या सीझनआधी कॉम्प्युटर बदलायचा होता. सोलापुरात नवी पेठेत चौकशी केली, तर सगळीकडे एकच उत्तर: "मालक, फोटोचं काम म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड पाहिजेच." हे कार्ड म्हणजे चित्रांचं गणित करणारा वेगळा भाग. चांगल्या कार्डाच्या पैशात माझी एक लेन्स येते, म्हणून आधी जुन्या मशीनवरच तपासून पाहिलं.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स टॅब (कुठला भाग किती राबतोय ते तिथे दिसतं) उघडा ठेवायचा आणि नेहमीचं काम करत राहायचं. खरेदीआधी प्रत्येकाने हे करावंच. एका लग्नाच्या २४ मेगापिक्सलच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातले कच्चे, प्रक्रिया न झालेले फोटो) लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, रंग सुधारले, फोटोशॉपमध्ये अल्बमची पानं लावली. ८ जीबी रॅम लगेच भरली. मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅम कमी पडली की तात्पुरता डेटा ठेवायच्या डिस्कवर, लिहायला लागलं, आणि ती साधी हार्ड डिस्क असल्याने सगळं तिथे तुंबलं. ग्राफिक्सचा आलेख मात्र बहुतेक वेळ खालीच.

मग पैसे तिथेच घातले: ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क). रॅम १६-१६च्या दोन पट्ट्यांत घेतली. कार्ड नसलं की ते काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्स करतं; त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरतं. दोन पट्ट्या असल्या की त्याला डेटा जास्त वेगाने मिळतो. आणखी एक, प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचून घ्या. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, मग कार्ड घेण्यावाचून गत्यंतर नाही.

आता क्रॉप, रंग, स्किन रिटचिंग, अल्बम, सगळं बिनअडथळा चालतं.

कार्डाची खरी गरज दिसली ती आमच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या फोटोंना. अंधार पडल्यावर नंदीध्वजांची (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक टिपायची म्हणजे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवावाच लागतो, आणि भक्तांच्या पांढऱ्या बाराबंदीच्या (पारंपरिक अंगरख्याच्या) सावलीच्या भागात दाणे उठून दिसतात. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज ते फार सुंदर साफ करतं, पण ते काम जवळजवळ सगळं ग्राफिक्सवर चालतं. माझ्याकडे एकेका फोटोला काही मिनिटं जातात. निवडक फोटो असतील तर रात्री लावून ठेवतो, चालतं. ज्यांना रोज शेकडो फोटो असे साफ करायचे असतात किंवा सोबत व्हिडिओही कापायचा असतो, त्यांनी कार्ड जरूर घ्यावं.

माझ्या बोर्डावर स्लॉट रिकामा आहे आणि पॉवर सप्लाय मुद्दाम ६५० वॅटचा घेतलाय. रात्रीची कामं वाढली की ८ जीबी मेमरीचं कार्ड बसवेन.