कमी जीपीए असताना अमेरिकेत बँकिंग किंवा कन्सल्टिंगची नोकरी

अमेरिकेतील मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेचा किंवा कन्सल्टिंग कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरायला घेतला की नाव, विद्यापीठ आणि पदवीचे वर्ष यांच्यापाठोपाठ जीपीएचा, म्हणजे सर्व विषयांतील श्रेणींच्या सरासरीचा, रकाना येतो. चारपैकी किती, एवढेच तिथे लिहायचे असते. ज्यांना ३.८ लिहिता येते ते पुढच्या रकान्याकडे वळतात; ज्यांचा आकडा ३.१ किंवा २.९ आहे, त्यांचा हात तिथेच अडखळतो. मी शिकागोत वित्तक्षेत्रात काम करतो आणि आपल्याकडून इथे शिकायला आलेले विद्यार्थी मला सर्वाधिक वेळा याच रकान्याविषयी विचारतात. त्यांची भीती खरी आहे, त्यामुळे नुसता धीर देऊन भागत नाही. कमी जीपीए असूनही या नोकऱ्या मिळतात; मात्र त्या कशा मिळतात हे समजून घ्यायचे, तर तो आकडा नेमका कुठे आडवा येतो हे आधी पाहायला हवे.

तो आडवा येतो पहिल्या छाननीत. एकेका जागेसाठी एवढे अर्ज येतात, की प्रत्येक रेझ्युमे शांतपणे वाचणे कोणालाही शक्य नसते. मग विद्यापीठाचे नाव आणि जीपीए या दोन गोष्टी पाहून ढीग कमी केला जातो. बँकिंग आणि कन्सल्टिंगमध्ये ३.५ ही रूढ रेषा मानली जाते, काही ठिकाणी ती आणखी वर असते, आणि बहुतेक ठिकाणी ती जाहीर केलेली नसते. एकदा मुलाखत सुरू झाली की परिस्थिती पुष्कळ बदलते. मॅकिन्झी, बीसीजी किंवा बेन या कन्सल्टिंग कंपन्यांच्या मुलाखतीत उमेदवारापुढे एखाद्या कंपनीचा घटता नफा किंवा नव्या बाजारपेठेतील प्रवेश असा प्रश्न ठेवला जातो आणि त्याने तो कसा उलगडला यावर निर्णय अवलंबून असतो. बँकेच्या मुलाखतीत ताळेबंद आणि मूल्यांकन यांवर प्रश्नांची फैर झडते. त्या खोलीत ३.८ आणि ३.१ यांच्यातील अंतर फार थोडे उरते. म्हणून कमी जीपीए असलेल्या विद्यार्थ्याचे बहुतेक कष्ट एकाच गोष्टीसाठी असतात: आकड्याची चाळणी लागण्याआधी आपला रेझ्युमे एखाद्या माणसाने वाचावा.

माणसाने वाचण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर त्या आकड्याच्या स्वभावातच आहे. हार्वर्डच्या पदवी महाविद्यालयात सर्वाधिक वेळा दिली जाणारी श्रेणी 'ए' आहे आणि मध्यक श्रेणी 'ए वजा' आहे, असे तेथील अधिष्ठात्यांनी २०१३ मध्ये प्राध्यापकांच्या बैठकीत सांगितले होते. त्याच सुमारास प्रिन्स्टनमध्ये नेमके उलटे धोरण होते: २००४ ते २०१४ या काळात तिथे प्रत्येक विभागाने 'ए' गटातील श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच ठेवाव्यात अशी अपेक्षा होती. त्या वर्षांतला प्रिन्स्टनचा ३.३ आणि हार्वर्डचा ३.३ एकाच तोलाचे मानता येत नाहीत. विद्युत अभियांत्रिकीचा ३.२ आणि एखाद्या सोप्या समजल्या जाणाऱ्या विषयाचा ३.२ यांचेही तसेच. अनुभवी बँकरला हे ठाऊक असते. संगणकावरील गाळणीला नसते.

अर्थात माणसाच्या नजरेलाही तिचे पूर्वग्रह असतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी नामांकित लॉ फर्म, बँका आणि कन्सल्टिंग कंपन्यांत भरती करणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेऊन २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की निवड करताना छंद, समान अनुभव आणि 'हा माणूस आपल्यात रुळेल का' ही भावना यांना फार मोठे वजन मिळते, कधी कधी कौशल्यापेक्षाही अधिक. मला हे अन्यायाचे वाटते. दूर देशातून आलेल्या मुलाकडे इथल्या लोकांसारखे छंद आणि अनुभव कुठून असणार? पण हे वास्तव आधी माहीत असले, तर रेझ्युमेच्या शेवटच्या ओळीत आपण वर्षानुवर्षे करत आलेल्या एखाद्या गोष्टीचा, मग ती गिर्यारोहण असो की तबलावादन, नेमका उल्लेख करायला संकोच वाटू नये.

आता कोणता जीपीए मोजला जातो, हे पाहू. इथे पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मोठ्या बँकांची उन्हाळी इंटर्नशिपची भरती एक वर्षाहून अधिक आधी, म्हणजे बहुधा दुसऱ्या वर्षातच सुरू होते. पूर्णवेळ जागा मुख्यतः इंटर्नमधूनच भरल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्षात पहिल्या तीन सत्रांचे गुण सगळा भार उचलतात. नव्या देशात, नव्या पद्धतीत चाचपडण्याचे दिवसही नेमके तेच असतात. मास्टर्ससाठी येणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. ते ऑगस्टमध्ये येऊन पोहोचतात आणि अनेक कंपन्यांच्या अर्जांच्या मुदती उन्हाळ्यापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत संपत जातात. त्या वेळी अमेरिकेतला जीपीए अस्तित्वातच नसतो आणि भारतातील पदवीचेच गुण पाहिले जातात. अशा वेळी टक्क्यांचे स्वतःच्या सूत्राने चारपैकी रूपांतर करू नये. '६४ टक्के, प्रथम श्रेणी' असे मूळ स्वरूपातच लिहावे, आणि रूपांतर मागितलेच तर वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेचे मूल्यमापन वापरावे. एमबीएच्या विद्यार्थ्यांना मात्र एक मोठी सवलत असते: शिकागो बूथ, व्हार्टन, स्टॅनफर्ड यांसारख्या शाळांत विद्यार्थ्यांनी कंपन्यांना श्रेणी सांगू नयेत असा संकेत आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळपास मिटतोच.

रेझ्युमेवर आकडा लिहावा की गाळावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ३.० च्या वर असेल तर लिहावा, कारण रकाना मोकळा दिसला की वाचणारा प्रत्यक्षाहून वाईट आकडा गृहीत धरतो. मुख्य विषयातील जीपीए एकूण जीपीएपेक्षा चांगला असेल, तर दोन्ही शेजारी शेजारी आणि नावानिशी लिहावेत. ३.४६ चा ३.५ करणे चालते, कारण एक दशांश स्थळ ही सर्वमान्य रीत आहे; ३.४ चा ३.५ करणे म्हणजे खोटे बोलणे होय. नोकरीचा प्रस्ताव दिल्यानंतर पार्श्वभूमीची पडताळणी होते, अनेकदा विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रिका मागवली जाते, आणि तफावत आढळली तर प्रस्ताव परत घेतला जातो. व्हिसावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो फटका झेपण्यासारखा नसतो.

रेझ्युमे माणसाच्या हाती पोहोचवण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे आतल्या व्यक्तीची शिफारस. आपल्या मुलांना सर्वात अवघड जाणारी गोष्टही हीच. अनोळखी माणसाला पत्र लिहून वेळ मागणे म्हणजे वशिला लावणे, असा एक संकोच आपल्या मनात खोल रुजलेला असतो, आणि तो संस्कार वाईट नाही. पण इथल्या व्यवहाराचे स्वरूप निराळे आहे. आपल्याच विद्यापीठातून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या ॲनालिस्टला (सुरुवातीच्या पदावरील कर्मचाऱ्याला) लिंक्डइनवर पाच ओळींचा निरोप पाठवून वीस मिनिटे बोलण्याची विनंती करणे ही सर्वसामान्य रीत समजली जाते, आणि ती विनंती ज्याला जाते त्यानेही कधीकाळी तेच केलेले असते. शिफारशीने नोकरी मिळत नाही. 'या मुलाचा रेझ्युमे पाहावा' असा एक ईमेल भरती करणाऱ्या चमूकडे जातो आणि मुलाखतीचा रस्ता मोकळा होण्याची शक्यता वाढते, इतकेच. पुढचे सगळे उमेदवारालाच करायचे असते.

त्या वीस मिनिटांत नोकरी मागू नये. समोरच्या व्यक्तीचा विभाग कोणता, अलीकडे त्या चमूने कोणते व्यवहार केले, त्यांच्या कामाचा दिवस कसा जातो, अमुक विभागातून तमुक विभागात जाण्याचा निर्णय त्यांनी का घेतला, असे प्रश्न तयारी करून विचारावेत, कारण संकेतस्थळावर सहज सापडणारी माहिती विचारली की तयारी नसल्याचे लगेच उघडे पडते. त्याच दिवशी आभाराचा छोटा ईमेल पाठवावा. महिन्याभराने पुन्हा लिहावे, तेही रिकाम्या हाताने नव्हे: त्यांनी सुचवलेले वाचून काय समजले, किंवा त्यांच्या क्षेत्रातील एखाद्या कंपनीविषयी आपले काय निरीक्षण आहे, हे कळवावे. माझ्या परिचयाची एक विद्यार्थिनी, जिचा जीपीए ३.० च्या थोडाच वर होता, प्रत्येक संभाषणानंतर त्या व्यक्तीच्या क्षेत्रातील एका कंपनीवर दोन पानी टिपण तयार करून पाठवत असे. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एका मध्यम आकाराच्या बँकेतील व्हाइस प्रेसिडेंटने मात्र ते टिपण आपल्या चमूला वाचायला दिले, आणि ऐन वेळी एक उमेदवार गळाल्यावर तिला मुलाखतीचे बोलावणे आले. तिचा जीपीए मुलाखतीआधीच सर्वांना माहीत होता आणि तरीही तिला बोलावले गेले, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो.

मुलाखत मिळाल्यावर मात्र कमी जीपीएवाल्याला चुकण्याची मुभा कमी असते, कारण एखादे उत्तर चुकले तर समोरचा मनात त्या आकड्याशीच त्याचा संबंध जोडतो. बँकिंगमधला नेहमीचा प्रश्न घ्या: घसारा १० डॉलरने वाढला तर तिन्ही वित्तीय विवरणपत्रांवर काय परिणाम होईल? कराचा दर २५ टक्के धरला तर करपूर्व नफा १० ने आणि निव्वळ नफा ७.५ ने घटतो. रोख प्रवाहात घसाऱ्याची रक्कम पुन्हा बेरजेत धरली जात असल्याने रोकड २.५ ने वाढते. ताळेबंदात स्थावर-यंत्रसामग्रीचे मूल्य १० ने कमी, रोकड २.५ ने जास्त, म्हणजे एकूण मालमत्ता ७.५ ने कमी होते आणि दुसऱ्या बाजूला राखीव नफाही तेवढाच घटतो. हे पाठ करून म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'रोकड का वाढली?' असा उलटा प्रश्न आल्यावर, कर कमी भरावा लागला म्हणून, हे क्षणात आणि शांतपणे सांगणारे कमी असतात. कन्सल्टिंगच्या केसची, म्हणजे मुलाखतीत सोडवायला दिल्या जाणाऱ्या कंपनीच्या प्रश्नाची, तयारी तर एकट्याने होतच नाही. जोडीदाराबरोबर मोठ्याने बोलून, कागदावर मांडणी करून आणि तोंडी आकडेमोड करूनच ती अंगी भिनते.

आकड्याला आकड्याने उत्तर देण्याचेही मार्ग आहेत. जीमॅट किंवा जीआरई या प्रवेशपरीक्षांचे उत्तम गुण रेझ्युमेवर असले, की गणिती कुवतीविषयीची शंका बरीचशी मिटते. सीएफए या वित्तक्षेत्रातील व्यावसायिक पात्रतेची पहिली पातळी, जिची १८० प्रश्नांची परीक्षा शिकत असतानाच देता येते, हाही एक पुरावा आहे. मात्र कन्सल्टिंगमध्ये तिचा फारसा उपयोग होत नाही आणि बँकिंगमध्येही तिच्यासाठी नेटवर्किंग सोडून द्यावे एवढे तिचे मोल नाही.

कमी जीपीएवाल्यांना इथे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे लहान कंपनीतून सुरुवात करा. अमेरिकन विद्यार्थ्यासाठी तो योग्यच आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या विद्यार्थ्याने मात्र तो जपून घ्यायला हवा, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीखाली १२ महिने काम करता येते आणि त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक बेरोजगार राहता येत नाही. अभ्यासक्रम 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडत असेल तर आणखी २४ महिने मिळतात, पण त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी प्रणालीत नोंदलेली असावी लागते आणि तिला प्रशिक्षणाचा आराखडाही भरून द्यावा लागतो. त्यापुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० एवढीच आहे. दहा-बारा माणसांच्या बुटीक बँकेला हा व्याप नकोसा वाटतो. त्यामुळे लहान कंपनीकडे जाताना पहिल्या काही संभाषणांतच हा विषय सभ्यपणे काढावा, आणि विद्यापीठात प्रवेश घेतानाच विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-२० या कागदपत्रावरील अभ्यासक्रमाचा संकेतांक स्टेम यादीत आहे की नाही हे पाहून घ्यावे. फायनान्स या एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम या बाबतीत वेगळे असू शकतात.

म्हणूनच मला मधला मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी यांच्या मूल्यांकन किंवा व्यवहार-सल्ला विभागांत सुरुवात करायची, दोन वर्षे खरे व्यवहार हाताळायचे आणि मग बँकेत जायचे. ॲनालिस्ट दोन-तीन वर्षांत प्रायव्हेट इक्विटीकडे (कंपन्या विकत घेणाऱ्या गुंतवणूक फंडांकडे) निघून जातात, बँकांना मधल्या काळात अनुभवी माणसे लागतात, आणि त्या भरतीत 'तुम्ही कोणत्या व्यवहारांवर काम केले' हा प्रश्न जीपीएच्या आधी येतो.

राहिला तो मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: गुण कमी का? उत्तर दोन-तीन वाक्यांचे असावे. कारण खरे असेल ते सांगावे, मग ते घरचे आजारपण असो, फी भरण्यासाठी केलेले काम असो किंवा पहिल्या वर्षी अभ्यासाची पद्धत न उमगणे असो. प्राध्यापकांना, विद्यापीठाला किंवा परीक्षापद्धतीला दोष देऊ नये. आणि त्यानंतर काय बदलले हे एखाद्या पडताळता येण्याजोग्या गोष्टीने दाखवावे, जसे शेवटच्या तीन सत्रांचे गुण किंवा इंटर्नशिपमध्ये एकट्याने उभे केलेले मॉडेल. तेवढे सांगून थांबावे. स्पष्टीकरण जितके लांबते तितके समोरच्याचे लक्ष त्या आकड्यावर खिळून राहते, आणि केस सोडवण्यासाठी दिलेल्या वेळातली मिनिटे त्यात खर्च होतात.