तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपवर चालणारा ड्रायव्हर बोर्डावर कचरा का देतो?

लिनक्सचा नेटवर्क ड्रायव्हर लिहिणारे हटकून विचारतात: लॅपटॉपवर सगळं ठीक, मग तोच ड्रायव्हर आर्म बोर्डावर टाकला की पॅकेटमध्ये मागचाच डेटा कसा? चूक बहुधा मॅपिंगची (पॅकेट ठेवायची मेमरीतली जागा, म्हणजे बफर, कार्डाला जोडून देण्याची) असते, आणि ती लॅपटॉपवरही असतेच. तिथे फक्त झाकली जाते.

नेटवर्क कार्ड सीपीयूला मध्ये न घेता मेमरीत परस्पर लिहितं; यालाच डीएमए म्हणतात. एक्स86 वर, म्हणजे नेहमीच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर, कॅशला (सीपीयूजवळच्या झटपट मेमरीला) त्याची खबर हार्डवेअरच देतं. पुष्कळ स्वस्त आर्म बोर्डांवर ती सोय नसते. रॅममध्ये नवं पॅकेट आलेलं असतं, कॅशमध्ये जुनेच बाइट. म्हणून डीएमए_मॅप_सिंगल किंवा डीएमए_मॅप_पेज म्हणजे नुसती पत्त्याची अदलाबदल नव्हे, बफरचा ताबाच कार्डाकडे जातो. अनमॅप (जोड सोडवणं) किंवा 'सिंक फॉर सीपीयू' (कार्डाने लिहिलेलं सीपीयूला दिसेल असं करणं) होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, वाचायलासुद्धा. दिशाही खरी सांगा: येणाऱ्या पॅकेटला 'फ्रॉम डिव्हाइस', जाणाऱ्याला 'टू डिव्हाइस'. सगळीकडे 'बायडायरेक्शनल' लिहिणं हा निव्वळ आळस.

स्टॅकवरची (फंक्शनच्या तात्पुरत्या चलांची) किंवा व्हीमॅलॉकची (रॅममध्ये सलग असेलच असं नाही अशी) मेमरी डीएमए_मॅप_सिंगलला देऊ नका. मॅप झालं की डीएमए_मॅपिंग_एरर तपासा. पत्ता शून्य आहे का एवढं पाहून भागत नाही, कारण शून्य हा वैध पत्ताही असू शकतो. पाठवायचं पॅकेट तुकड्यांत असेल आणि चौथा तुकडा मॅप झाला नाही तर आधीचे तीन सोडवावे लागतात: सिंगलने जोडलेला सिंगलने, पेजने जोडलेले पेजने. हे राहिलं की 32 बिटी कार्डासाठी ठेवलेला स्विओटीएलबीचा साठा (कार्ड जिथे पोहोचू शकत नाही तिथल्या डेटासाठीचे मधले बफर, मुळात 64 एमबी) हळूहळू भरतो आणि दोन दिवसांनी नेटवर्क बंद पडतं.

दर पॅकेटला मॅप-अनमॅप महाग पडतं, विशेषतः आयओएमएमयू (कार्डाचे मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू असेल तर. 4.18 पासून कर्नलमध्ये पेज पूल आहे, म्हणजे तीच पेज (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) पुन्हा पुन्हा वापरणारा साठा. सांगितलं तर तो पेज मॅप करूनच ठेवतो. 1500 बाइटच्या पॅकेटला 4096 चं अख्खं पेज कशाला, म्हणून काही ड्रायव्हर 2048 चे दोन अर्धे करतात. पण मेख इथेच आहे. सांगितलं तर पूल कार्डाच्या बाजूचा सिंक करतो, सीपीयूच्या बाजूचा मात्र ड्रायव्हरनेच करायचा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं मूळ ही राहून गेलेली एक ओळ.

कर्नलचा डीएमए एपीआय डीबग पर्याय न तपासलेले एरर आणि चुकीच्या लांबीचे अनमॅप पकडतो. सिंक न करता केलेलं वाचन त्याला दिसत नाही. त्यासाठी लॅपटॉपच 'स्विओटीएलबी=फोर्स' हा कर्नलचा पर्याय देऊन बूट करा: प्रत्येक पॅकेट आधी वेगळ्या बफरमध्ये उतरतं, आणि सिंक विसरलात तर कचरा तिथेच दिसतो.