ठासणीची रिव्हॉल्व्हरे : आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेचे काम एका वाक्यात सांगता येते: काळ्या दारूवर चालणारी, टोपीवर (ठोका बसताच ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या टोपणावर) उडणारी रिव्हॉल्व्हरे उघडायची, धुवायची, दुरुस्त करायची आणि जोडून परत द्यायची. कोल्टची १८५१ ची नेव्ही, १८६० ची आर्मी आणि रेमिंग्टनची न्यू मॉडेल आर्मी यांच्या इटलीत बनलेल्या प्रतिकृतींचा भरणा जास्त. अस्सल जुनी हत्यारे कमी येतात.

सुरुवातीला आम्ही फक्त साफसफाई करत असू. दुरुस्तीत उतरावे लागले, कारण बहुतेक बिघाडांचे मूळ साफसफाईतच सापडत गेले. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळाली की निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे उरते. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि थोडे सल्फाइड असते. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि दमट दिवसांत एका रात्रीत नळीत तांबूस गंज धरतो. ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तरीही नळीतून तेलाची चिंधी फिरवून ‘साफ केले आहे’ म्हणून आणलेले हत्यार आम्हाला नेहमी बघायला मिळते. वर तेलाची चकाकी, खाली क्षार जागच्या जागी, आणि खनिज तेल व काजळी मिळून डांबरासारखा चिकट थर. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूत परक्लोरेट असते. ते जळून क्लोराइड उरते, त्यामुळे तिथे धुण्याची घाई अधिकच करावी लागते.

म्हणून आमची पद्धत पाण्याची. आधी सर्व निपलांवरच्या (टोपी जिच्यावर बसते त्या भोकाच्या बोंडांवरच्या) टोप्या निघाल्या आहेत हे पाहायचे, मग सिलिंडरच्या, म्हणजे दारू-गोळी भरायच्या फिरत्या भागाच्या, प्रत्येक खणात लाकडी काडी घालून तो रिकामा आहे याची खात्री करायची. कोल्टच्या घडणीत नळी एका पाचरीवर अडकवलेली असते. ही पाचर उजवीकडून डावीकडे नायलॉनच्या हातोडीने हलकेच ठोकायची. तिच्याजवळचा स्क्रू पाचर पूर्ण बाहेर पडू नये एवढ्यासाठीच आहे, नेहमीच्या धुण्याला तो काढायची गरज नाही. नळी घट्ट बसली असेल तर सिलिंडर थोडा फिरवून ठासणीचे (गोळी खणात दाबणाऱ्या दांड्याचे) टोक दोन खणांच्या मधल्या धातूवर आणायचे आणि दांडा दाबायचा. नळी आपोआप पुढे सरकते. ओढाताण केली की आसावर, म्हणजे सिलिंडर ज्यावर फिरतो आणि नळी ज्यावर बसते त्या दांड्यावर, ताण येतो.

मुठीचे लाकूड काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. पाणी कोमट आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. उकळते पाणी आम्ही कधीच सोडले, कारण ते झटकन उडून जाते आणि उघड्या लोखंडावर लगेच गंजाची साय धरते. धुतलेले भाग पुसून ९० ते १०० अंशांच्या भट्टीत पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे आणि गरम असतानाच वंगणाचा पातळ हात द्यायचा. वंगण आम्ही स्वतःच करतो: एक भाग बिनमिठाची चरबी, एक भाग पॅराफिन मेण, अर्धा भाग मधमाशीचे मेण, सगळे गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून. चरबी बिनमिठाचीच हवी, नाहीतर धुऊन काढलेले मीठ आपणच पुन्हा आत भरतो.

निपल ही पुढची पायरी. बऱ्याच इटालियन प्रतिकृतींत आटे ६ मिमी व्यासाचे, ०.७५ मिमी अंतराचे असतात, पण उत्पादकानुसार फरक पडतो. दुसऱ्याचे निपल बळेच पिळले की सिलिंडरचे आटे जातात आणि मग खर्च निपलचा राहत नाही. आट्यांना तांब्याचे ग्रीस लावून बसवायचे. रिकामा घोडा सोडण्याच्या सवयीने निपलचे डोके चेपते, मग टोपी नीट बसत नाही. आणि ठिणगीचे भोक झिजून मोठे झाले की प्रत्येक बाराला वायू मागे येऊन घोड्याला ढकलतो, फुटलेल्या टोपीचे तुकडे खाली यंत्रणेत पडतात. ‘सिलिंडर अडकतो’ ही तक्रार आली की आम्ही आधी हे तुकडे शोधतो. दुसरा संशयित म्हणजे चाप आणि बोल्ट (सिलिंडरला जागी अडवणारी खिट्टी) दोघांना दाब देणारी दुभंगी पट्टी स्प्रिंग. ती बहुधा जिथून दोन पाय फुटतात तिथेच तुटते.

खरा वेळ खातो तो आस. काही प्रतिकृतींत आसाचे टोक नळीखालच्या भोकाच्या तळाला टेकतच नाही. मग पाचर जितकी आत ठोकाल तितकी नळी सिलिंडरवर येऊन बसते आणि मालक समजतो, पाचर सैल होती. तपासणी सोपी आहे: सिलिंडर काढा, नळी थोडी तिरकी फिरवून आसावर पूर्ण सरकवा. नळीची खालची कड चौकटीला नुसती टेकली तर ठीक, चौकटीच्या कडेपलीकडे गेली तर आस तोकडा. भोकाच्या तळाशी पोलादी चकती घालून, घासून जुळवून आम्ही सिलिंडर आणि नळीतली फट ०.१५ मिमीच्या आसपास ठेवतो. रेमिंग्टनला ही भानगड नाही, पण तिची सिलिंडर पिन बारीक आणि बिनखाचेची असल्याने काजळीने लवकर जखडते. दोन-तीन वेळा सिलिंडर रिकामा झाला की पिन आणि सिलिंडरचे तोंड ओल्या चिंधीने पुसावेच लागते.

अस्सल जुन्या हत्यारांचे पॉलिश आम्ही घेत नाही. राखाडी-तपकिरी छटा घासून काढली की किंमतही गेली आणि खुणाही. व्हिनेगरने तर चौकटीवरचे निळे-तपकिरी रंग काही मिनिटांत उडतात. अशा हत्यारात जुना बार राहिला असण्याची शक्यता मात्र कधीच धुडकावायची नाही. कोरडी राहिलेली दारू शतकानंतरही पेट घेते.

परत देताना प्रत्येकासोबत एक कार्ड जाते: निपलचे आटे, फट, कुठली स्प्रिंग बदलली. त्याच कार्डावर दोन सूचना असतात. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण कातडे कमावतानाचे क्षार ओल धरतात. आणि धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांनी नळीतून पांढरी चिंधी फिरवावी. ती तपकिरी निघाली, तर तेल न लावता पुन्हा पाण्याने धुवावे.