आबांचा पंचनामा आणि माझा उणे 0.4

रात्री साडेबाराला आकडा आला, उणे 0.4, आणि मी खाटेवर उठूनच बसलो. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, जूनचा पहिला आठवडा, लाईट संध्याकाळच्या वादळातच गेलेली, लॅपटॉप इन्व्हर्टरवर.

उणे 0.4 चं एवढं काय, तर वुल्फ-रायेट तारे, म्हणजे आयुष्याच्या शेवटाकडचे जड, प्रचंड तापलेले तारे, वर्षाला सूर्याच्या साधारण एक लाखांश वस्तुमान वाऱ्यात उधळतात, वाराही कसला, सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरचा. 1975 पासून माहितीये की हा वारा साधा, सगळीकडे सारखा पसरणारा असला तर फ्रिक्वेन्सी वाढेल तशी रेडिओ तीव्रता 0.6 घाताने वाढते. माझ्या ताऱ्याचा हा घात उणे आला म्हणजे बहुतेक जोडतारा, दोघांचे वारे एकमेकांवर आदळतायत, सिंक्रोट्रॉन, चुंबकीय क्षेत्रात सुसाट फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे रेडिओ तरंग! म्हणजे पेपर!! सरांना लगेच मेसेज टाकला, तीन उद्गारचिन्हांसकट. आता लाज वाटते.

डेटा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अर्काइव्हमधला जुना, 610 आणि 1390 मेगाहर्ट्झचा. दुर्बीण म्हटलं की लोकांना डोळा लावून बसलेला माणूस दिसतो, मी तीन आठवडे नुसता कचरा डेटा काढत होतो, गहू निवडल्यासारखा.

सकाळी तलाठी आले. निसवलेली केळीची बाग, घडांसकट झाडं आडवी, पण सगळी नाही, पट्टेच्या पट्टे झोपलेले आणि मध्ये चार ओळी ताठ उभ्या. आबा त्यांना सगळ्यात वाईट पट्ट्यात घेऊन गेले आणि म्हणाले, हेच धरा आणि एकराने गुणा. तलाठी हसले. मी नाही हसलो, कारण आम्ही रेडिओवाल्यांनी ताऱ्यांच्या वाऱ्याचं बरीच वर्षं हेच केलं. रेडिओ तीव्रता घनतेच्या वर्गावर चालते, त्यामुळे वारा गुठळ्या-गुठळ्यांचा असला की गुठळ्याच जास्त चमकतात, आणि आपण सगळा वारा तसाच धरून वस्तुमान-ऱ्हास फुगवून सांगतो. तलाठ्यांनी निदान ओळी तरी मोजल्या.

तेवढ्यात सरांचा रिप्लाय: "पॉइंटिंग कुठे होतं?" बस, एवढंच.

पॉइंटिंग म्हणजे दुर्बिणीचा रोख. पोटात गोळा आला. ते निरीक्षण कोणीतरी दुसऱ्याच ताऱ्यासाठी घेतलेलं, माझा तारा मध्यापासून 12 आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक) बाजूला. जीएमआरटीची डिश 610 ला साधारण 43 आर्कमिनिट बघते, 1400 च्या आसपास जेमतेम 24. म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला माझा तारा बरोब्बर अर्ध्या ताकदीच्या कडेवर, खालच्या फ्रिक्वेन्सीला ऐंशी टक्क्यांवर. प्रायमरी बीम करेक्शन, म्हणजे कडेला मंद दिसतं त्याची भरपाई, मी केलंच नव्हतं. एमएस्सीच्या पोरांना मी स्वतः शिकवतो हे. (आणि हो, पाइपलाइन लिहून देणारे आमचे एक सिनियर ही पायरी ऑप्शनल म्हणून ठेवतात, त्यांना एकदा भेटायचंय.)

बांधावर बसूनच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलं. 1390 ला दुप्पट, 610 ला सव्वापट. उणे 0.4 चा झाला अधिक 0.2.

आता हा 0.2 धड 0.6 नाही आणि उणेही नाही. गरम वारा आणि सिंक्रोट्रॉन दोन्ही मिसळलेत, का बीमच्या कडेवर माझी करेक्शनच कच्ची? सर म्हणतात तारा मध्यात ठेवून नवीन वेळ माग. प्रपोजल लिहितोय, पण रोज एकदा तो 0.2 उघडून बघतोच.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "तुन्हा ताराना वारा कितला शे रे?" मी म्हटलं, अजून पंचनामा चालूये.