अमरनाथची वाट आणि एक शिक्का

चंदनवाडीपासून अमरनाथच्या गुहेपर्यंतचे ३२ किलोमीटर आम्ही तीन दिवसांत चाललो. ते अंतर चालण्यास आम्ही समर्थ आहोत, असे सांगणारा कागद मिळवायला मात्र १७ दिवस लागले. ही गोष्ट २०२४ सालची. अजूनही कोणी ‘कशी झाली यात्रा?’ असे विचारले की माझ्या तोंडून शेषनाग सरोवराच्या आधी आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सरकारी रुग्णालयातील नऊ नंबरची खोली बाहेर पडते, आणि सौ. दरवेळी मला कोपराने ढोसते.

यात्रेची व्यवस्था पाहणाऱ्या श्री अमरनाथजी श्राइन बोर्डाकडे बँकेच्या शाखेतून नोंदणी करायची तर ठरावीक नमुन्यातील आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे चालत नाही. बोर्ड राज्यवार यादी प्रसिद्ध करते, त्या यादीतल्याच डॉक्टरांची सही हवी, आणि तीही त्या वर्षीसाठी जाहीर केलेल्या तारखेनंतरची हवी. या नियमाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये हिमवादळात सापडून दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले होते, आणि २०१२ च्या यात्रेत तर इतके मृत्यू झाले की सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे आणि आमच्या पहलगामच्या वाटेवरची महागुणस खिंड तिच्याहूनही वर, चार हजार मीटरच्या पलीकडे आहे. तिथे हृदयाने दगा दिला तर खांद्यावरून खाली आणण्यातच तास जातात. तेव्हा तपासणी हवीच. माझा राग तपासणीवर नाही.

नोंदणी १५ एप्रिलला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, आम्ही दोघे साडेदहाला रुग्णालयात हजर झालो. केसपेपरच्या रांगेत पाऊण तास उभे राहिल्यावर खिडकीतून कळले की यात्रेची प्रमाणपत्रे मंगळवारी आणि शुक्रवारी होतात, आज मंगळवारच आहे, पण त्यांचे नंबर दहापर्यंतच देतात. हे कुठे लिहिले आहे, असे मी विचारले. ‘काका, सगळ्यांना माहीत असतं,’ असे उत्तर आले.

शुक्रवारी आठ वाजताच गेलो आणि चौथा व पाचवा नंबर मिळवला. रक्ततपासणी झाली, छातीचा एक्स-रे झाला, माझा ईसीजीही झाला, आणि सौ.चा नंबर आला तेव्हा ईसीजीच्या यंत्रातला कागदाचा रोल संपला. नवा रोल भांडारातून येईपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात ज्या आवाजात ती माझ्याशी बोलली, त्यावरून तिचा रक्तदाब किती असेल हे मला कळायला हवे होते. तो १५० वर ९६ निघाला. एरवी तिला रक्तदाबाचा त्रास नाही. नर्सबाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले की शांत झोप घेऊन मंगळवारी या. इथे एक सूचना लगेच देऊन टाकतो, नाहीतर विसरेन: नेहमीच्या डॉक्टरांकडून महिनाभराच्या रक्तदाबाच्या नोंदी लिहून घ्याव्यात आणि सोबत ठेवाव्यात. आम्ही तसे केले असते तर कदाचित त्याच दिवशी भागले असते.

मंगळवारी, २३ तारखेला, तिचा रक्तदाब अगदी शहाण्यासारखा आला, पण यादीतले डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला नीट तपासले, जिना चढताना धाप लागते का, रात्री उशा किती लागतात, असे नेमके प्रश्न विचारले आणि दोन्ही अर्जांवर सही केली. खरे सांगायचे तर त्या सगळ्या खटाटोपात माझी खरी वैद्यकीय तपासणी तेवढीच झाली. आम्ही आनंदात घरी आलो, येताना पेढेही घेतले. दुसऱ्या दिवशी बँकेत नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी बोर्डाच्या यादीवर बोट फिरवले, सहीखालचे नाव वाचले आणि दोन्ही कागद परत दिले. यादीतले नाव हे नव्हते. चूक त्या डॉक्टरांची नव्हती, बँकेचीही नव्हती. यादीतले डॉक्टर नसताना यात्रेच्या अर्जांवर सही करून चालणार नाही, एवढे वाक्य नऊ नंबरच्या खोलीच्या दारावर कोणीतरी चिकटवले असते तर पुरले असते. त्या दारावर चपला बाहेर काढण्याची सूचना तीन भाषांत होती.

पुढचा शुक्रवार २६ एप्रिल होता, आणि त्या दिवशी आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते. बाह्यरुग्ण विभाग बंद होता. ३० तारखेला, मंगळवारी, यादीतले डॉक्टर एकदाचे भेटले. चार मिनिटांत त्यांनी अहवाल चाळले, सही केली आणि ‘शिक्का बाहेर मारून घ्या’ असे म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळले. बाहेर कळले की त्यांच्या नोंदणी क्रमांकाचा शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली एका लिपिकाकडे आहे, आणि तो लिपिक निवडणुकीचे काम आटोपून रजेवर गेला आहे. क्रमांक हाताने लिहिला तर चालेल का, असे मी विचारले. चालणार नाही म्हणाले, आणि बँकेतल्या त्या बाईंचे फिरणारे बोट आठवून मीही आग्रह धरला नाही. मी त्या बंद कपाटासमोर किती वेळ उभा होतो मला ठाऊक नाही, पण त्याच्या हिरव्या रंगाखालून जुना करडा रंग कुठे कुठे दिसतो हे मी आजही सांगू शकेन. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. २ मे रोजी, गुरुवारी, किल्ली आली आणि शिक्का उमटला, तोही पहिल्यांदा अर्धवट, कारण शाईचे पॅड वाळले होते.

३ मे रोजी बँकेत अंगठा, आधार आणि फोटो हे सगळे पाऊण तासात आटोपले. परंतु प्रत्येक शाखेला दर दिवशी दर मार्गासाठी ठरावीकच परवाने असतात, आणि यात्रेच्या पहिल्या आठवड्याचे आमच्या शाखेतले परवाने केव्हाच संपले होते. यात्रा २९ जूनला सुरू होणार होती; आम्हाला मिळाली १५ जुलै. ज्या गटाबरोबर जायचे ठरले होते तो पहिल्याच आठवड्यात निघून गेला आणि आम्ही त्याच आयोजकांच्या दुसऱ्या गटात गेलो. परवान्यावर तारीख आणि मार्ग दोन्ही छापलेले असतात आणि त्यात बदल चालत नाही, त्यामुळे तारीख बँकेत बसल्याबसल्याच चार वेळा वाचून घ्यावी.

जम्मूला आरएफआयडी कार्ड, म्हणजे यात्रेकरूचा माग ठेवणारे ओळखपत्र, घेताना आधार आणि परवाना पाहिला गेला. आरोग्य प्रमाणपत्र मी पुढे केले, तर ‘रखिए, रखिए’ असे उत्तर मिळाले. ते कार्ड गळ्यात अडकवून चालायचे असते आणि ते नसेल तर चंदनवाडीचे फाटक ओलांडता येत नाही. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, हे आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना जम्मूत पोहोचल्यावर समजले. पोस्टपेड सिम तरी न्यावे, किंवा यात्रेकरूंसाठी मिळणारे सिम तिथे घ्यावे.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही. पिस्सू टॉपची चढण पहिल्याच दिवशी छाती फोडते. त्यानंतर शेषनागाचे निळसर पाणी दिसले की माणूस गप्प होतो. आमचा वाटाड्या तिथलाच, पूर्वी घोडे हाकणारा मुसलमान गृहस्थ होता, आणि त्याचा एकच नियम होता: बोलताना दम लागला तर पाऊल लहान करा, थांबू नका. महागुणसच्या अलीकडे सौ.ला चक्कर आली तेव्हा त्याने तिला बसवले, कोमट पाणी घोटघोट पाजले आणि वीस मिनिटे तिच्या ओठांच्या रंगाकडे पाहत राहिला. मला खोली नंबर नऊ आठवली. इथे, दगडावर बसून, विनाशिक्क्याची तपासणी चालली होती.

१७ जुलैला पंचतरणीहून गुहेकडे निघायचे होते, आणि त्या दिवशी आषाढी एकादशी होती. आमच्यातल्या तिघांचा उपवास होता. रिकाम्या पोटी चढू नये, अशी बोर्डाचीही सूचना आहे, पण पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला ते सांगून पटत नाही. वाटाड्याने वाद घातला नाही. लंगरमधून उकडलेले बटाटे आणि दूध आणले आणि ‘माताजी, यह तो चलेगा ना?’ असे विचारले. ते चालले. साड्यांबद्दल मात्र त्याने ऐकून घेतले नाही, आणि ते योग्यच केले. चिखलात आणि बर्फावर सलवार-कमीज आणि नाडीचे बूटच हवेत.

गुहेत शिवलिंग नव्हते. त्या वर्षी ते जुलैच्या पहिल्या आठवड्यातच वितळून गेले होते, हे आम्हाला निघण्यापूर्वीच कळले होते, तरी आत पाऊल टाकताना डोळे तेच शोधत होते. ओल्या खडकावर फुले होती, वरून थेंब पडत होते, आणि मागून रेटा येत असल्याने अर्ध्या मिनिटात पुढे सरकावे लागले. पहिल्या गटातल्या लोकांनी पुरे लिंग पाहिले होते. सौ. हात जोडून बाहेर आली आणि म्हणाली, ‘अहो, पाण्याचं दर्शन झालं ना. आता त्या कपाटाचं नाव काढायचं नाही.’ बालटालच्या दुसऱ्या वाटेने १४ किलोमीटर उतरेपर्यंत मी ते काढले नाही.

यंदा शेजारचे जोडपे जायचे म्हणते आहे. त्यांना मी एवढेच लिहून दिले: यादीतले डॉक्टर त्या आठवड्यात कामावर आहेत का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, नंबरासाठी आठच्या आत पोहोचा, सही होताना खालचे नाव यादीशी ताडून पाहा, आणि शिक्का कोणाच्या कपाटात असतो ते तपासणीच्या आधी विचारा. शाईचे पॅड घरून न्या. आमचे अजून ओले आहे, हवे तर घेऊन जा.