बोर्डवर दोन कॉलम वाढवले आज
ऑफिसमधून निघायला साडेआठ झाले, आत्ता घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलमध्ये बसलेय आणि डोक्यात अजून तेच चाललंय म्हणून लिहितेय. आमच्या टीमचं कुठलं काम कुठवर आलंय ते जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या बोर्डवर दिसतं, त्यावर टू डू, इन प्रोग्रेस, डन एवढेच कॉलम होते. पेमेंटचं एक टास्क नऊ दिवस इन प्रोग्रेसमध्ये, सगळ्यांना वाटलं डेव्हलपर अडकलाय, पण त्या पोराने कोड दुसऱ्याच दिवशी दिलेला, रिव्ह्यू, म्हणजे तो कोड तपासायचं काम, माझ्याकडे पडून होतं आणि स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, बोलणी खाल्ली त्याने. फार वाईट वाटलं मला.

दुपारी बसून वर्कफ्लो, म्हणजे टास्क कुठल्या टप्प्यांतून जाणार ते, बदललं. कोड रिव्ह्यू आणि टेस्टिंगचे वेगळे कॉलम केले, बग निघाला तर टास्क परत मागे जाणार, आणि रिव्ह्यूमध्ये एका वेळी तीनच टास्क. ही मर्यादेची कल्पना मूळची टोयोटाच्या कारखान्यातली, ताइची ओनोंची कानबान पद्धत, पुढच्याने माल उचलल्याशिवाय मागच्याने नवा बनवायचाच नाही. आता चौथं टास्क आलं की कॉलम लाल होतो, मग नवीन काम बाजूला ठेवून आधी रिव्ह्यू.

त्या पोराला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. "ठीके ताई, पण उद्या माझा दुसरा रिव्ह्यू पण बघा ना" म्हणाला. सकाळी पहिला तोच घेणारे.